विश्लेषण : डुकरांतील फ्लूचा विषाणू शोधणारे रिचर्ड शोप कोण होते? त्यांचे काय खरे ठरले, काय चुकले?

‘स्वाइन फ्लू’ हा शब्द महाराष्ट्राच्या घराघरांत पोहोचला तो ऑगस्ट २००९ मध्ये, पुण्यात देशातील पहिला मृत्यू नोंदवला गेल्यानंतर. पण डुकरांना होणाऱ्या फ्लूचा विषाणू त्याच्या जवळपास ऐंशी वर्षे आधीच प्रयोगशाळेत सापडला होता. माणसाला होणाऱ्या फ्लूचा विषाणू तेव्हा कोणी वेगळा करून दाखवलेला नव्हता. हा शोध लावणारे डॉ. रिचर्ड शोप हे अमेरिकेतील मक्याच्या आणि डुकरांच्या मुलखात वाढलेले. श्वसनाचा आजार माणसाकडून प्राण्याकडे आणि प्राण्याकडून माणसाकडे जातो, हे आज शाळकरी मुलांनाही माहीत आहे. शोप यांच्या काळात ते बोलणेही अनेकांना खपत नव्हते. त्यांची कारकीर्द, त्यांचे नेमके अंदाज आणि त्यांची एक मोठी चूक यांचा हा आढावा.

डुकरांमध्ये फ्लू पहिल्यांदा कधी दिसला?

१९१८ मध्ये जगभर इन्फ्लुएंझाची साथ आली. मुंबई बंदरातून शिरलेल्या या साथीने भारतातच एक कोटीहून अधिक माणसे गेली, असे अंदाज आहेत. त्याच वर्षी शरद ऋतूत, सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरच्या सुरुवातीला, अमेरिकेतील आयोवा राज्यात सीडर रॅपिड्स येथे डुकरांचे मोठे प्रदर्शन भरले होते. तिथे अनेक डुकरे अचानक आजारी पडली. प्रदर्शन संपून जनावरे आपापल्या गावी गेली आणि तिथल्या कळपांतही आजार पसरला.

डुक्कर कालपर्यंत धडधाकट असायचे, आज खाणे सोडून आडवे पडलेले दिसायचे. अंगात ताप, नाकातून पाणी, खोकला, धाप. एकाला झाले की दोन-तीन दिवसांत अख्खा कळप आजारी. बहुतेक जनावरे आठवड्याभरात उठून उभी राहत, थोडी मरत. सरकारी पशुवैद्यक जे. एस. कोएन यांनी हे पाहून सरळ निष्कर्ष काढला. शेतकऱ्याच्या घरात फ्लू आला की पाठोपाठ डुकरांना होतो किंवा आधी डुकरांना आणि मग घरच्यांना. म्हणजे हा तोच आजार. त्यांनी डुकरांच्या दुखण्याला ‘फ्लू’ हेच नाव दिले.

डुक्कर पाळणाऱ्यांना हे अजिबात आवडले नाही. लोक डुकराचे मांस खाणे सोडतील आणि धंदा बसेल, ही त्यांची भीती. कोएन यांच्यावर टीका झाली, पण त्यांनी आपले म्हणणे मागे घेतले नाही. मात्र त्यांच्याकडे निरीक्षण होते, पुरावा नव्हता. तो मिळायला आणखी दहा-बारा वर्षे जावी लागली.

रिचर्ड शोप कोण होते?

रिचर्ड एडविन शोप यांचा जन्म २५ डिसेंबर १९०१ रोजी आयोवाची राजधानी डे मॉइन येथे झाला. वडील डॉक्टर होते, पण आजूबाजूचा परिसर शेतीचा. गुरे, डुकरे, रानातले ससे यांच्यात वावरणे त्यांच्या अंगवळणी पडलेले. झाडे आणि जंगल यांची ओढ असूनही त्यांनी वैद्यकीय शिक्षण घेतले आणि १९२४ मध्ये आयोवा विद्यापीठातून ते डॉक्टर झाले. रुग्ण तपासण्याचा व्यवसाय मात्र त्यांनी केला नाही. वर्षभर औषधशास्त्र शिकवून १९२५ मध्ये ते प्रिन्स्टन येथील रॉकफेलर इन्स्टिट्यूटच्या प्राणिरोग विभागात दाखल झाले.

हा विभाग वेगळ्या विचाराने चाललेला होता. त्याचे प्रमुख थिओबाल्ड स्मिथ यांनी १८९३ मध्येच गुरांचा एक ताप गोचिडांमुळे पसरतो, हे सिद्ध केले होते. जनावरांचा रोग नीट समजला तर माणसाचाही समजेल, ही तिथली धारणा. शोप यांना तिथे पॉल लुईस हे ज्येष्ठ सहकारी मिळाले. लुईस १९१८च्या साथीत नौदलाचे डॉक्टर म्हणून फिलाडेल्फियात फ्लूचे कारण शोधत होते आणि त्यात त्यांना अपयश आले होते.

१९२८ मध्ये शोप आयोवात गेले ते डुकरांच्या कॉलरा नावाच्या दुसऱ्याच रोगाच्या अभ्यासासाठी. तिथे शरद ऋतू लागताच कळपांमध्ये खोकला सुरू झाला. १९१८ पासून हा आजार दर वर्षी याच दिवसांत येतो, असे शेतकऱ्यांनी सांगितले. शोप यांनी आजारी डुकरांच्या श्वासनलिकेतील स्राव आणि फुप्फुसांचे तुकडे गोळा करून प्रिन्स्टनला नेले.

आयोवातील डुकरांत त्यांना काय सापडले?

सुरुवातीला सापडला एक जीवाणू. त्याचे रूप जर्मन शास्त्रज्ञ रिचर्ड फायफर यांनी १८९२ मध्ये माणसाच्या फ्लूचे कारण म्हणून जाहीर केलेल्या जीवाणूशी मिळतेजुळते होते. गोष्ट जमली असे वाटत असतानाच अडचण आली. हा जीवाणू एकटा डुकरांच्या नाकात सोडला, तर डुकरे आजारी पडत नव्हती. १९१८च्या साथीत डॉक्टरांची हीच कोंडी झाली होती. फायफरचा जीवाणू अनेक रुग्णांत दिसे, पण रोग त्यानेच होतो हे काही केल्या सिद्ध होत नसे.

याच सुमारास लुईस पीतज्वराच्या संशोधनासाठी ब्राझीलला गेले आणि जून १९२९ मध्ये त्याच रोगाने त्यांचा मृत्यू झाला. डुकरांचे काम शोप यांनी एकट्याने पुढे नेले.

त्यांनी आजारी डुकरांचा स्राव अतिसूक्ष्म छिद्रांच्या गाळणीतून गाळला. जीवाणू गाळणीत अडकतात, विषाणू पार होतात. गाळलेले पाणी निरोगी डुकरांच्या नाकात सोडले तेव्हा जनावरे किंचित मलूल झाली, थोडी खोकली आणि दोन-चार दिवसांत बरी झाली. वरवर पाहणाऱ्याला काहीच झाले नाही असे वाटले असते. अमेरिकी सरकारच्या संशोधकांनी आधी असाच प्रयोग केला होता आणि गाळलेल्या द्रवाने रोग होत नाही असा निष्कर्ष काढला होता. शोप यांनी मात्र त्या किरकोळ मलूलपणाकडे लक्ष दिले. मग त्यांनी गाळलेला द्रव आणि जीवाणू एकत्र दिले. या वेळी शेतात दिसणारा पूर्ण आजार उभा राहिला. ताप, धाप, न्यूमोनिया, सगळे काही. आणि केवळ गाळलेल्या द्रवाने सौम्य आजारी पडून बरी झालेली डुकरे पुढे पूर्ण आजारापासूनही सुरक्षित राहिली.

१९३१ मध्ये हे सारे तीन शोधनिबंधांतून प्रसिद्ध झाले. मुख्य कारण विषाणू, आणि जीवाणू त्याचा जोडीदार. विषाणू श्वसनमार्गाला इजा करतो आणि मागून जीवाणू फुप्फुसात बस्तान बसवतो. फ्लूनंतर होणाऱ्या जीवाणूजन्य न्यूमोनियाने माणसे दगावतात, हे आज डॉक्टर सांगतात त्यामागचे पहिले स्पष्ट प्रयोग हेच. सस्तन प्राण्यातून वेगळा केलेला इन्फ्लुएंझाचा हा पहिला विषाणू. आयोवातील डुकरांतून १९३० मध्ये मिळालेला त्याचा नमुना पुढे जगभरच्या प्रयोगशाळांत संदर्भ म्हणून वापरला गेला.

हाच विषाणू नाकाऐवजी स्नायूत टोचला तर डुक्कर आजारी पडत नाही, पण त्याच्यात प्रतिकारशक्ती तयार होते, हेही शोप यांनी दाखवले. फ्लूच्या लशीची शक्यता त्यातून दिसली.

माणसाच्या फ्लूशी हा विषाणू कसा जुळला?

१९३३च्या सुरुवातीला लंडनमध्ये फ्लूची साथ होती. विल्सन स्मिथ, ख्रिस्तोफर अँड्र्यूज आणि पॅट्रिक लेडलॉ या तिघांनी रुग्णांच्या घशातील पाणी गाळून फेरेट या प्राण्याच्या नाकात घातले. फेरेट म्हणजे मुंगसासारखा दिसणारा, लांबुळक्या अंगाचा मांसाहारी प्राणी. फेरेट शिंकू लागले, त्यांना ताप आला. माणसाच्या फ्लूचा विषाणू अशा रीतीने हाती लागला.

अँड्र्यूज आणि शोप यांची मैत्री होती. शोप यांचा डुकरांचा विषाणू लंडनला पोहोचला आणि दोन्हींची तुलना झाली. डुकराचा विषाणू फेरेटला आणि उंदराला आजारी पाडत होता. माणसाचा विषाणू डुकराच्या नाकात घातला तर डुकराला सौम्य आजार होत होता. दोन्ही विषाणू एकसारखे नव्हते, पण एकाच कुळातले होते.

प्राण्याकडून माणसाकडे हा प्रवास उलटा होऊ शकतो, याचा पुरावा १९३६ मध्ये लंडनच्याच प्रयोगशाळेत मिळाला. फ्लू झालेला एक फेरेट चार्ल्स स्टुअर्ट-हॅरिस या संशोधकाच्या तोंडावर शिंकला. दोन दिवसांत त्यांना फ्लू झाला आणि त्यांच्या घशातून विषाणूही मिळाला. एका शिंकेने प्राण्यातला आजार माणसात आल्याची ही नोंद फ्लूच्या इतिहासात कायमची राहिली.

१९१८चा पुरावा रक्तात कसा सापडला?

शोप यांचा सर्वात बिनतोड प्रयोग याच सुमारास झाला. विषाणूशी एकदा गाठ पडली की शरीर त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडे तयार करते आणि त्यांची खूण रक्तात वर्षानुवर्षे राहते. शोप यांनी निरनिराळ्या वयांच्या माणसांच्या रक्तातील सीरम घेतले, ते डुकरांच्या विषाणूत मिसळले आणि मिश्रण उंदरांच्या नाकात सोडले. उंदीर वाचला तर त्या माणसाच्या रक्तात डुकरांच्या विषाणूला निष्प्रभ करणारी प्रतिपिंडे आहेत, असा अर्थ. उंदीर मेला तर नाहीत.

निकाल चकित करणारा होता. प्रौढांपैकी बहुतेकांच्या रक्तात प्रतिपिंडे होती. यातले अनेक जण शहरात राहणारे, डुकरांच्या जवळपासही न गेलेले. बारा वर्षांखालील मुलांमध्ये मात्र ती जवळजवळ नव्हती. लंडनच्या गटालाही असेच चित्र दिसले. १९३० च्या दशकाच्या मध्यात बारा वर्षांचे असलेले मूल म्हणजे १९१८च्या साथीनंतर जन्मलेले. म्हणजे त्या साथीत माणसांना ज्या विषाणूने गाठले, त्याचाच वंशज आता आयोवाच्या डुकरांमध्ये राहत होता. माणसांमधला विषाणू दरम्यानच्या वर्षांत बदलत गेला आणि जुने रूप डुकरांत टिकून राहिले.

यावर आक्षेपही घेतले गेले. वेगवेगळ्या फ्लूंना अनेकदा तोंड दिल्याने प्रौढांच्या रक्तात सर्वच विषाणूंविरुद्ध थोडी प्रतिपिंडे येत असतील, असे काहींचे म्हणणे होते. हा वाद अनेक दशके चालला. २००५ मध्ये १९१८च्या विषाणूचा संपूर्ण जनुकीय आराखडा पूर्ण झाला. अलास्काच्या गोठलेल्या जमिनीत पुरलेल्या एका मृतदेहाच्या फुप्फुसातून आणि अमेरिकी लष्कराने जपून ठेवलेल्या ऊतींच्या नमुन्यांतून तो जुळवला गेला होता. डुकरांचा जुना विषाणू आणि १९१८चा विषाणू यांचे नाते त्यातून पक्के झाले. २००८ मध्ये त्या साथीतून वाचलेल्या, नव्वदी ओलांडलेल्या ३२ जणांचे रक्त तपासले गेले. नव्वद वर्षांनंतरही त्यांच्यात १९१८च्या विषाणूविरुद्धची प्रतिपिंडे होती. रक्ताच्या स्मरणशक्तीवर शोप यांनी ठेवलेला विश्वास खरा ठरला.

गांडुळाच्या सिद्धांताचे काय झाले?

शोप यांना एक प्रश्न छळत होता. डुकरांचा फ्लू शरद ऋतूत येतो, दूरदूरच्या शेतांवर जवळपास एकाच वेळी उसळतो आणि मग नाहीसा होतो. उरलेले महिने विषाणू असतो कुठे?

त्यांची नजर डुकरांच्या फुप्फुसात राहणाऱ्या एका जंताकडे गेली. या जंताची अंडी डुकराच्या विष्ठेतून मातीत पडतात, गांडुळे ती गिळतात, गांडुळात अळ्या वाढतात आणि माती उकरणारे डुक्कर गांडूळ खाते तेव्हा अळ्या पुन्हा फुप्फुसात पोहोचतात. विषाणू या अळ्यांच्या आत लपून वर्ष काढत असेल आणि थंडीचा ताण बसताच डुकरात जागा होत असेल, असा तर्क त्यांनी मांडला. अशी गांडुळे डुकरांना खाऊ घालून, नंतर त्यांना वेगळा ताण देऊन त्यांनी काही वेळा फ्लू उठवूनही दाखवला. १९४१ मध्ये यावरचे निबंध प्रसिद्ध झाले.

कल्पना शेतकऱ्याला पटेल अशी होती, पण एक अडचण होती. अळ्यांमध्ये विषाणू थेट कधीच दिसत नव्हता. तो ‘झाकलेला’ असतो असे शोप म्हणत. त्यांच्या प्रयोगातही निकाल दर वेळी सारखा येत नसे आणि इतरांना तो भरवशाने पुन्हा दाखवता आला नाही. पुढे पाळत वाढली तेव्हा साधे उत्तर समोर आले. विषाणू कुठे लपतच नाही. तो डुकरांमध्ये वर्षभर हळूहळू फिरत असतो, नवी पिल्ले जन्मतात तसे त्याला नवे शरीर मिळत जाते. हवा थंड झाली, कळप दाटीने राहू लागले की तो सर्वांच्या नजरेत भरतो. शोप यांची गांडुळे आज केवळ इतिहासात उरली आहेत.

फ्लूव्यतिरिक्त त्यांनी काय केले?

एका जातीतला विषाणू दुसऱ्या जातीत गेला की त्याचे रूप कसे बदलते, हा धागा शोप यांच्या साऱ्या कामात दिसतो. गुरांना वेड्यासारखी खाज सुटून मृत्यू आणणारा एक विषाणू डुकरांत मात्र सौम्य असतो आणि डुकरेच तो गुरांना देतात, हे त्यांनी दाखवले. प्रिन्स्टनजवळच्या रानातील सशांच्या अंगावरच्या गाठी विषाणूने होतात, हे त्यांनी १९३२ मध्ये सिद्ध केले. काही सशांच्या डोक्यावर शिंगांसारखी वाढ असते, असे शिकाऱ्यांकडून ऐकून त्यांनी ती मिळवली. १९३३ मध्ये त्यामागचाही विषाणू सापडला. या मस्सांचे पुढे कर्करोगात रूपांतर होते, हे पेटन राउस यांनी त्याच सामग्रीवर दाखवले. विषाणूमुळे कर्करोग होऊ शकतो, या आजच्या समजुतीच्या मुळाशी ही शिंगे आहेत.

दुसऱ्या महायुद्धात शोप अमेरिकी नौदलात गेले. शत्रू गुरांमध्ये बुळकांडीचा रोग पसरवील, अशी भीती होती. कॅनडातील ग्रोस-इल या बेटावर त्यांच्या नेतृत्वाखाली कोंबडीच्या अंड्यात बुळकांडीची लस तयार झाली. हा विषाणू माणसाच्या गोवराचा सख्खा भाऊ. गुरांतल्या एका जुन्या विषाणूतून गोवर माणसात आला असावा, असे मानले जाते. म्हणजे खोकल्या-शिंकण्यातून पसरणारा हा आजारही मूळचा गोठ्यातला.

पॅसिफिकमधील ग्वाम बेटावर असताना पत्नी हेलन यांच्या छायाचित्राच्या आवरणावर बुरशी वाढलेली त्यांना दिसली. ती फेकून न देता त्यांनी जपली. तिच्यातून विषाणूंना रोखणारा पदार्थ मिळाला आणि त्याला त्यांनी ‘हेलेनीन’ नाव दिले. त्याचा प्रभाव बुरशीला झालेल्या विषाणूसंसर्गातील आरएनएमुळे होता, हे त्यांच्या मृत्यूनंतर उलगडले. १९५७ मध्ये त्यांना लास्कर पुरस्कार मिळाला. २ ऑक्टोबर १९६६ रोजी कर्करोगाने त्यांचे निधन झाले. त्यांचे पुत्र रॉबर्ट शोप यांनीही विषाणूंचा अभ्यास आयुष्यभर केला.

१९७६ मध्ये अमेरिकेचा अंदाज का चुकला?

शोप यांच्या निधनानंतर दहा वर्षांनी त्यांच्या सिद्धांताची मोठी कसोटी लागली. फेब्रुवारी १९७६ मध्ये न्यूजर्सीतील फोर्ट डिक्स लष्करी तळावर एका तरुण सैनिकाचा फ्लूने मृत्यू झाला. विषाणू डुकरांचा निघाला. तळावरील दोनशेहून अधिक जणांना त्याचा संसर्ग झाल्याचे रक्ततपासणीत दिसले. १९१८चा वंशज डुकरांत आहे, पन्नाशीखालील लोकांना त्याची प्रतिकारशक्ती नाही, मग साथ पुन्हा येणार, असा सरळ हिशेब मांडला गेला.

अध्यक्ष जेराल्ड फोर्ड यांनी साऱ्या देशाला लस देण्याची घोषणा केली. ऑक्टोबरपासून चार कोटींहून अधिक लोकांना लस दिली गेली. पण विषाणू त्या तळाबाहेर पसरलाच नाही. लस घेतलेल्यांपैकी काहींना गियाँ-बारे सिंड्रोम हा मज्जातंतूंचा आजार झाल्याचे दिसले आणि डिसेंबरमध्ये मोहीम थांबली. नाते ओळखण्यात शोप बरोबर होते. पण विषाणू डुकरात आहे म्हणजे तो माणसांत साथ आणीलच, हा अर्थ त्यातून निघत नव्हता.

एका जातीतून दुसऱ्या जातीत विषाणू जातो कसा?

यासाठी त्याला तीन अडथळे पार करावे लागतात. पहिला, गाठ पडण्याचा. गोठा, खुराडे, बाजार, प्रदर्शन अशा ठिकाणी माणूस आणि प्राणी एकाच हवेत श्वास घेतात.

दुसरा अडथळा पेशीच्या दाराचा. फ्लूचा विषाणू पेशीवरील सियालिक आम्ल या साखरेच्या रेणूला चिकटून आत शिरतो. पक्ष्यांच्या आतड्यात हा रेणू एका प्रकारे जोडलेला असतो, माणसाच्या नाक-घशात दुसऱ्या प्रकारे. एका कुलपाची किल्ली दुसऱ्याला सहज लागत नाही. डुकराच्या श्वसनमार्गात मात्र दोन्ही प्रकारची कुलपे आढळतात. शिवाय फ्लूच्या विषाणूची जनुके आठ सुट्या तुकड्यांत असतात. एकाच डुकराला पक्ष्याचा आणि माणसाचा फ्लू एकाच वेळी झाला, तर तुकड्यांची अदलाबदल होऊन नवाच विषाणू जन्मू शकतो. १९५७ आणि १९६८च्या साथींचे विषाणू अशाच अदलाबदलीतून, पक्ष्यांकडील जनुके घेऊन आले होते.

तिसरा अडथळा सर्वात अवघड. एका माणसात शिरलेला विषाणू खोकला-शिंकेतून दुसऱ्या माणसाला गाठू शकला पाहिजे. बहुतेक विषाणू इथेच अडतात. फोर्ट डिक्सचा विषाणू लष्करी बराकीच्या दाटीत काही दिवस फिरला, बाहेरच्या जगात टिकला नाही.

२००९च्या साथीने काय शिकवले?

एप्रिल २००९ मध्ये मेक्सिको आणि अमेरिकेत जो एच१एन१ विषाणू सापडला, त्याने तिन्ही अडथळे ओलांडले होते. उत्तर अमेरिकेतील आणि युरोप-आशियातील डुकरांच्या विषाणूंची जनुके त्यात एकत्र आली होती. पेशीला चिकटणाऱ्या प्रथिनाचे जनुक शोप यांनी शोधलेल्या डुकरांच्या जुन्या वंशातून आलेले, म्हणजे मुळात १९१८चे. ११ जून रोजी जागतिक आरोग्य संघटनेने महासाथ जाहीर केली.

पुण्यात ३ ऑगस्टला पहिला मृत्यू झाला आणि काही दिवसांतच शाळा, चित्रपटगृहे बंद झाली, रस्त्यावर मास्क आणि रुमाल बांधलेले चेहरे दिसू लागले. तपासणीचा मोठा भार पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेवर आला. ही संस्था १९५२ मध्ये भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि रॉकफेलर फाउंडेशन यांच्या सहकार्याने सुरू झाली होती. शोप यांची प्रयोगशाळाही रॉकफेलर यांच्याच देणगीतून उभी राहिलेली.

या साथीत एक गोष्ट ठळकपणे दिसली. साधारण फ्लूत वृद्ध अधिक आजारी पडतात, इथे तरुण आणि मुले पडत होती. अमेरिकेतील तपासणीत साठीपुढील सुमारे एकतृतीयांश लोकांच्या रक्तात नव्या विषाणूवर चालणारी प्रतिपिंडे आढळली. लहानपणी त्यांनी १९१८च्या वंशातले जुने विषाणू पाहिले होते. शोप यांनी १९३६ मध्ये उंदरांच्या साह्याने वाचलेली खूण पुन्हा एकदा समोर आली होती.

कोएन यांना भोगावा लागलेला रोषही वेगळ्या रूपात परतला. इजिप्तने सुमारे तीन लाख डुकरे मारण्याचा आदेश दिला. तोवर तिथे माणसांत या साथीचा एकही रुग्ण नव्हता आणि विषाणू पसरत होता तो माणसाकडून माणसाला. नीट शिजवलेल्या मांसातून फ्लू होत नाही, हे वारंवार सांगावे लागले. नवापूरमध्ये २००६ साली कोंबड्यांत बर्ड फ्लू आढळला तेव्हा महाराष्ट्रातील कुक्कुटपालकांनीही ही भीती अनुभवली होती.

आज शोप यांचे महत्त्व काय?

२००९ नंतर अनेक देशांत माणसांनीच हा विषाणू डुकरांना दिला. १९१८ मध्येही बहुधा हेच घडले होते. करोनाच्या साथीत माणसांकडून मिंक आणि हरणांना संसर्ग झाला. २०२४ पासून अमेरिकेतील दुभत्या गाईंत बर्ड फ्लूचा एच५एन१ विषाणू फिरताना आढळला आणि गोठ्यात काम करणाऱ्या काहींना तो झाला. रस्ता दुतर्फा आहे आणि त्यावरून माणूसही तितकाच ये-जा करतो.

म्हणून आज डुकरे, कोंबड्या, गाई यांच्यातील फ्लूचे नमुने नियमित तपासणे, त्यांची देखभाल करणाऱ्यांना फ्लूची लस देणे, आजारी माणसाने गोठ्यापासून आणि आजारी जनावरापासून इतरांनी दूर राहणे, यावर भर दिला जातो. त्यासाठी शेतकऱ्याने आजार लपवू नये, अशी परिस्थिती हवी. नुकसानभरपाई वेळेवर मिळाली आणि अफवांनी बाजार कोसळला नाही, तरच खोकणाऱ्या जनावराची खबर डॉक्टरांपर्यंत पोहोचते. १९२८ मध्ये शोप यांना आयोवातील शेतकऱ्यांनी आपल्या कळपांत येऊ दिले, आजारी डुकरे दाखवली आणि दहा वर्षांच्या आठवणी सांगितल्या. फ्लूच्या विषाणूचा माग तिथूनच लागला.